अर्धा शेरा

"भाऊसाहेब, मागं बघा."

दाखल्यांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवताना बाई एवढंच म्हणायच्या. दाखला त्यांनी कधी सुलटा दिला नाही. पालथा ठेवायचा, वर बोटाने दोनदा टकटक करायची आणि मी तो उचलेपर्यंत खिडकी सोडायची नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पुढच्या बाजूला काय असतं ते तुम्ही जाणताच. नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, प्रगती, वर्तणूक. वर्तणुकीपुढे सगळेच 'चांगली' लिहितात. इतक्या वर्षांच्या नोकरीत वाईट वर्तणुकीचं एकही मूल कागदोपत्री माझ्या टेबलावर आलेलं नाही. मागची बाजू कोरी असते. बाईंच्या दाखल्यांची नसायची. तिथे पेन्सिलीने, बारीक अक्षरात एखादी ओळ असायची.

"परीक्षेच्या दिवशी उलटी होते. बादली ठेवा, पेपर काढून घेऊ नका."

"बापाचं नाव सगळ्यांसमोर विचारू नका."

"खोटं बोलतो. ऐकून घ्या."

बाई भिवंडीत निजामपुऱ्यात, पालिकेच्या एका शाळेत सातवीला शिकवायच्या. ती शाळा सातवीला संपते. पुढे आठवीला त्यातली बरीच मुलं आमच्या हायस्कुलात येतात, धामणकर नाक्यापासून पाच मिनिटांवर. मी तिथे लिपिक. आमच्या घरात कारकुनीची ही तिसरी पिढी, त्यामुळे कागद सरळ, स्वच्छ आणि वेळेवर असला की जग ठीक चाललंय असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. बाई वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. शिकून शहरात आल्या, उभी नोकरी भिवंडीत केली, पण 'हाय' आणि 'न्हाय' काही त्यांनी सोडलं नाही. हिंदीतही तेच. उत्तरेकडून आलेल्या एखाद्या पॉवरलूम कामगाराला त्या ऐटीत सांगायच्या, "तुमचा लडका अच्छा हाय, पर डरता हाय." तो मान डोलवायचा. त्याला सगळं समजलेलं असायचं.

दिसायला ठेंगण्या, गुडघ्यांनी बेजार, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. खरं तर दाखला पालकांनी आणून द्यायचा असतो. बाई दर जूनमध्ये स्वतः शेअर रिक्षाने यायच्या, मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत नॅपकिनमध्ये गुंडाळलेला गठ्ठा.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. खोडरबर घेतलं आणि सगळ्या ओळी खोडल्या. शासकीय कागदावर पेन्सिल, हा माझ्या लेखी गुन्हाच होता. आठवड्याने बाई एक राहिलेला दाखला द्यायला आल्या. गठ्ठा समोरच होता, त्यांनी हात घालून वरचा दाखला उलटा केला. गठ्ठा मागून घेतला, खिडकीबाहेरच्या बाकावर बसल्या आणि आठवून आठवून सगळं पुन्हा लिहिलं.

"तुमच्याकडं रबर हाय, भाऊसाहेब. माझ्याकडं पेन्सिल हाय," गठ्ठा परत देताना म्हणाल्या. "बघू कोण आधी दमतं."

मी दमलो. त्याला कारण ती बादली. सहामाही परीक्षेत मी वर्गावर्गात पुरवण्या वाटत फिरत होतो. आठवीतला एक मुलगा पांढराफटक पडलेला, आणि पर्यवेक्षक त्याला सांगत होते, "बरं नसेल तर घरी जा, बाकीच्यांना त्रास नको." मला बाईंची ओळ आठवली. मी मोरीतली बादली उचलून आणली आणि त्याच्या बाकाशेजारी ठेवली. पोरगं ओकलं, तोंड पुसलं आणि शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत बसलं. पर्यवेक्षकांनी मला विचारलं, "तुम्हांला कसं कळलं?" मी म्हणालो, "दाखल्यावर आहे." ते अजूनही मला थोडे घाबरून असतात.

त्यानंतर मी एकदा बाईंना विचारलं, हे एवढं कशासाठी? आमच्याकडे शिक्षक आहेत, ते बघतीलच की.

"बघतील. वाईट न्हाईत तुमचे शिक्षक," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडं दिवसभर एकच बाई. पोरगं शिंकलं तरी कळतं. तुमच्याकडं तासाला माणूस बदलतं. सकाळी हसत आलेलं पोर दुपारी गप का झालं, ते कुणाच्या तासात शोधायचं?"

मी ते कधी मोजलं नव्हतं, पण आठवीच्या हजेरीतली काही नावं दिवाळीपर्यंत गळतात हे मला ठाऊक होतं. कुणी लूमवर बसतो, कुणी गोदामात जातो, कुणी नुसताच यायचा बंद होतो. आम्ही पुढे 'सतत गैरहजर' लिहितो आणि पान उलटतो. बाईंना त्या दोन शब्दांचा फार राग होता. "सतत गैरहजर कुणी नसतं. कुठंतरी हजर असतंच की ते," असं म्हणायच्या.

एकदा मुलांच्या मानसिक आरोग्यावर शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. नोंदणीसाठी मी होतो, म्हणून मला हे ठाऊक. पडद्यावर चित्रं, मेंदूचे भाग, सगळं व्यवस्थित. शेवटी शंका विचारायला सांगितलं तेव्हा बाई उठल्या. "समुपदेशक कुठं बसतात?" त्यांना सांगण्यात आलं की ठाण्याला, आठवड्यातून दोन दिवस. बाई म्हणाल्या, "बरं. मग पोरांना सांगते, त्या दोन दिवशीच रडा." सगळे हसले. बाई हसल्या नव्हत्या. पत्ता मात्र त्यांनी नीट लिहून घेतला, आणि तो पुढे उपयोगी पडला.

आता माझ्याकडे येतो. बाईंच्या ओळींवर माझा विश्वास बसला तसा माझ्यातला कारकून जागा झाला. पेन्सिल पुसट होते, दाखले कपाटात जातात, शिक्षकांना ते दिसतच नाहीत. म्हणून मी सुधारणा केली. वर्गाच्या यादीत उजवीकडे 'शेरा' असा रकाना आखला आणि बाईंच्या ओळी त्यात तांबड्या शाईने उतरवू लागलो. रकाना दोन बोटं रुंद. ओळ मोठी असेल तर थोडक्यात लिहायची. थोडक्यात लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दोन वर्षं ते छान चाललं, मुख्याध्यापकांनी सभेत कौतुकही केलं.

तिसऱ्या वर्षी बाईंनी एक दाखला गठ्ठ्यातून वेगळा काढून दिला. मुलीचा होता. "ही माझी जरा जपा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. खिडकीवर प्रवेशाची रांग होती. मी हो हो म्हटलं. मागे लिहिलं होतं: "आई वारली. मला आईकडे जायचंय म्हणते. एकटी बसली तर लक्ष ठेवा." मी ते वाचलं, नक्की वाचलं. आणि त्या दोन बोटांच्या रकान्यात मावेल एवढं लिहिलं: लक्ष ठेवा.

मुलगी तेरा वर्षांची, अंगाने थोराड, अबोल. मधल्या सुट्टीत मैत्रिणींत नसायची. वर्गशिक्षिका नव्या होत्या, कडक, पण मनाने चांगल्या. त्यांनी यादी उघडली तर तांबडी अक्षरं. अशा मुलीच्या नावापुढे 'लक्ष ठेवा' वाचून तुम्ही काय समजला असतात? मीही तेच समजलो असतो. मुलीचा बाप लूमवर बारा-बारा तासांच्या ड्युटीला, म्हणून पालकसभेला आत्या आली होती. आईच्या मागे घर सांभाळायला ती गावाहून आलेली. बाईंच्या ओळीचा शेवटचा तुकडा वर्गशिक्षिकेने तिला तळमळीने सांगितला: मागच्या शाळेतूनच लिहून आलंय, मुलीवर लक्ष ठेवा, वय नाजूक आहे.

हे सगळं मला गणपतीनंतर कळलं. आत्या खिडकीवर आली आणि दाखला मागू लागली. मी सवयीने विचारलं, "कारण काय लिहू?"

"गावाला नेतोय तिला. आमच्या घरात असलं चालत न्हाय."

"असलं म्हणजे कसलं?"

तिने आवाज खाली आणला. "तुमच्याच शाळेनं सांगितलं की. आधीच्या बाईंनी लिहून दिलंय म्हणं, पोरीवर लक्ष ठेवा. सगळ्या गल्लीत बोभाटा झालाय आमचा. एक स्थळ पण हाय बघितलेलं."

मी वर्गाची यादी उघडली. अक्षर माझंच होतं, सुबक. लिपिकाच्या हातात एकच हत्यार असतं, ते मी काढलं. म्हणालो, "साहेब सहीला नाहीत. सोमवारी या." मुख्याध्यापक आत चहा पीत होते.

शाळा सुटल्यावर मी तडक निजामपुऱ्यात गेलो. बाई रिकाम्या वर्गात वह्या तपासत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अर्धं का लिहिलंत?"

"रकाना लहान होता."

"मग मला फोन करायचा. म्हणायचं, बाई, रकाना लहान हाय. मी लहान करून दिलं असतं." आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझं पण चुकलंच. आमच्या गावात म्हाताऱ्या देवाला सांगतात, बाबा, पोरांवर लक्ष ठेव. मी तेच लिहिलं. पोरीच्या बाबतीत त्याचा दुसरा अर्थ निघतो, हे डोक्यातच न्हाय आलं."

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी जाऊ, शांतपणे समजावू. त्यांनी मान हलवली. "संध्याकाळी नको. शुक्रवारी दुपारी जायचं."

तुम्ही भिवंडीचे असाल तर तुम्हांला कळलं असेल. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी त्या गल्ल्यांत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, कुणाच्या घरात काय चाललंय ते भिंतीपलीकडे जात नाही. शुक्रवारी कुकरची शिट्टी चार घरांना ऐकू जाते. मी म्हणालो, "अहो, मग तर सगळी गल्ली ऐकेल."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी आम्ही दोघांनी अर्धी रजा टाकली. एका खोलीचं घर, वर फळ्यांचा माळा. बाप घरी होता, उंच, वाकलेला. आत्या दारात. बाईंनी आत बसायला नकार दिला, गुडघे दुखत असूनही उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात त्या आवाजात सुरू झाल्या.

"पोरगी सात वर्षं माझ्या शाळेत होती. तिच्यात काडीचा दोष न्हाय. तिची आई गेली, ती गप झाली, म्हणून मी लिहिलं होतं की एकटी बसली तर तिच्याकडं बघा. पुढच्या शाळेत ते अर्धंच उतरवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊसाहेब, सांगा."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"मोठ्यानं."

समोरच्या घराची कडी वाजली. वरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मी मोठ्याने म्हणालो, "मुलीची काही चूक नाही. मी अर्धं लिहिलं. चूक माझी आहे." आयुष्यात मी इतक्या लोकांसमोर इतक्या मोठ्याने काही बोललो नव्हतो.

बाप पुढे आला. मग म्हणाला, "मी हात उचलला तिच्यावर."

"ते तिला सांगा. मला न्हाय," बाई म्हणाल्या.

आत्या रडकुंडीला आली होती. "मला काय माहीत? मला सांगितलं ते मी ऐकलं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिचा राग आला नाही. ती खरंच बोलत होती.

मुलगी माळ्यावर होती. हाका मारल्या तरी खाली आली नाही. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि शिडी चढायला लागल्या. एकेका पायरीवर थांबत होत्या. आम्ही खाली तासभर बसून होतो. वरून मधूनमधून बाईंचा आवाज यायचा. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. खाली उतरल्यावर बापाला म्हणाल्या, "सोमवारी शाळेत येईल. न्हाय आली तर मी इथं येऊन बसेन. आणि ठाण्याला डॉक्टर हाय, तिथं तुम्ही तिला माझ्याबरोबर पाठवायचं. गल्लीला सांगा, डोळे तपासायला नेलंय."

रिक्षा स्टँडवर बाई बाकावर टेकल्या. मी पाणी आणलं. ते न पिताच त्या म्हणाल्या, "पोरगी जिवाचं बरंवाईट करणार होती, भाऊसाहेब. तिनं मला दिवससुद्धा सांगितला." मग रिक्षा आली आणि त्या बसून गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. तीन-चार रिक्षा माझ्यासमोरून भरून गेल्या.

मुलगी सोमवारी आली. वर्गशिक्षिकेला मी सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या डोळे पुसत बसल्या, आणि पुढे त्यांनी त्या मुलीला जे जपलं त्याबद्दल मी त्यांना मानतो. ठाण्याच्या फेऱ्या झाल्या. शिवाय दर बुधवारी आपली शाळा सुटली की बाई आमच्याकडे यायच्या आणि पायरीवर त्या मुलीशेजारी बसायच्या. कधी बोलायच्या, कधी नुसत्या शेंगा सोलायच्या. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या, गावी राहायला गेल्या, तरी बुधवारी वज्रेश्वरीच्या बसने येत राहिल्या. मुलगी हळूहळू वर्गात बोलायला लागली. माझ्याशी नाही. फी माफीचा अर्ज द्यायचा झाला तरी मैत्रिणीच्या हातून पाठवायची. मला ते रास्तच वाटायचं, आणि लागायचंही.

यंदा जानेवारीत दोन बुधवार बाई आल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या, अंत्यविधीही उरकला होता. वहीत माझा नंबर होता म्हणून कळवलं, असं तो म्हणाला.

मुलगी आता नववीत. तिला सांगायचं कुणी? वर्गशिक्षिका म्हणाल्या, "माझी जीभ उचलणार नाही." मीच तिला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं. तिने मान हलवली, रडली नाही, निघून गेली. सुट्टीनंतरच्या तासाला ती वर्गात नव्हती.

मी खिडकी बंद केली. कामाच्या वेळेत मी ती कधी बंद केलेली नाही. मैदान पाहिलं, नळाची बाजू पाहिली, वर्ग पाहिले. गच्चीच्या दाराला कुलूप असतं, त्याच्या अलीकडच्या शेवटच्या पायरीवर ती बसली होती.

"मला एकटीला बसायचंय," ती म्हणाली.

"बस," मी म्हणालो, आणि सहा पायऱ्या खाली बसलो. शिपाई दोनदा बोलवायला आला, खाली दाखल्यांसाठी माणसं थांबली होती. मी हातानेच त्याला परत पाठवलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाईंना खूप दुखलं का?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

"तुम्ही कधीच नीट विचारत नाही," ती म्हणाली.

"खरं आहे," मी म्हणालो.

मग ती रडायला लागली. मी उठलो नाही. शाळा सुटल्याची घंटा झाली, मुलं गेली, तरी आम्ही दोघं तिथेच बसून होतो.